शेवटचा वाटा

आमच्याकडे वाटणीचा एक जुना नियम आहे. दोन भावांत शेत वाटायचं असेल, खळ्यावरचं धान्य वाटायचं असेल, नाहीतर पाच घरांनी मिळून कापलेल्या बोकडाचे वाटे घालायचे असतील, तर ज्यानं वाटे घातले त्यानं शेवटी उचलायचं. बाकीच्यांनी आपापल्या पसंतीनं घ्यायचं, उरेल ते त्याचं. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण या रीतीनं घातलेल्या वाट्यांवरून भांडण झालेलं मी फार कमी पाहिलं. लहान वाटा आपल्याच पदरात पडणार हे माहीत असलं, की वाटे घालणाऱ्याचा हात आपोआप सरळ चालतो. त्याला कुणी चांगुलपणा शिकवावा लागत नाही.

हा नियम मी आजही मानतो. पण त्याला दोन पोटनियम जोडल्याशिवाय तो पुरा होत नाही, हे मला २०२३ सालच्या पाडव्यानंतर भंडारदऱ्याच्या तळ्याकाठी उमगलं. पाठीवर सॅक घेऊन आम्ही नवराबायको पहिल्यांदाच असे दोघंच निघालो होतो. त्या चार दिवसांत डोंगर पाहिला, तळं पाहिलं, पण जास्त करून आम्ही वाटण्याच केल्या.

भंडारदराच का, तर आमची शेती त्याच पाण्यावर. आम्ही प्रवरेच्या डाव्या कालव्यावरचे, श्रीरामपूर तालुक्यातले, चारीच्या शेपटाला. विल्सन धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. धरणातून सुटलेलं पाणी नदीनंच अकोले, संगमनेर मागे टाकत ओझरच्या बंधाऱ्याला येतं, तिथून डाव्या-उजव्या कालव्यात शिरतं, आणि चाऱ्या, पोटचाऱ्या करत आमच्या बांधाला लागतं. आजोबांच्या काळापासून आमचा ऊस, आमचा गहू, लेकीबाळींची लग्नं, सगळं त्या पाण्यावर झालं. ऑगस्टात 'भंडारदरा भरलं' अशी बातमी आली की आमच्याकडे लोक एकमेकांना थांबवून सांगतात. इतकं असून आमच्या घरातलं कुणी ते तळं बघायला गेलेलं नव्हतं. पाणी इकडं येतंय म्हटल्यावर आपण तिकडं कशाला जायचं?

लग्नाला एकतीस वर्षं झाली. या काळात आम्ही दोघं बरेच फिरलो, पण ते देवदर्शनाला, लग्नकार्याला नाहीतर दवाखान्यात. दिंडीत चालत पंढरपूरला गेलो, पण तिथं सामान ट्रकमध्ये असतं आणि सोबत गाव असतं. पुण्याला असणाऱ्या आमच्या लेकीला डोंगर चढायचा नाद आहे. संक्रांतीला आली तेव्हा दोन सॅक, एक तंबू आणि सामानाची यादी ठेवून गेली. "आई, गहू घरात आला की जाऊन या दोघं. कुणालाही बरोबर घेऊ नका," असं बजावून गेली.

निघायच्या आदल्या दिवशी सगळं सामान ओट्यावर मांडलं. तंबू, दोन स्लीपिंग बॅगा, अंथरायच्या पट्ट्या, पांघरूण, गॅसची छोटी शेगडी, पातेलं, तांदूळ, डाळ, शेंगदाण्याची चटणी, धपाटे, गूळ, विजेरी, औषधं, आणि पाण्याच्या चार बाटल्या. हिनं दोन वाटे घातले आणि म्हणाली, "घ्या तुमचा."

एका बाजूला तंबू आणि स्लीपिंग बॅगांचा हा मोठा ढीग. दुसऱ्या बाजूला तांदूळ, शेगडी, पाणी, असा आटोपशीर. मी नुसता बघत उभा राहिलो.

"अहो, डोळ्यांनी काय बघताय? उचलून बघा की."

उचलले. दिसायला एवढे वेगळे, पण वजनाला दोन्ही सारखे. नऊ-दहा किलो असतील एकेक. आयुष्यभर पिठाचे डबे, सरपण, वैरण आणि लेकरं उचलणाऱ्या हाताला काटा लागत नाही. मी पाण्याचा वाटा घेतला.

यातून पहिला पोटनियम निघतो. वाटा डोळ्यांनी निवडायचा नाही, हातानं उचलून निवडायचा. दुसऱ्याचं ओझं लांबून नेहमीच मऊ आणि हलकं दिसतं.

एसटीनं संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीला उतरलो. धरणाच्या भिंतीशी थोडं थांबलो आणि दक्षिणेकडच्या काठानं मुतखेल, कोलटेंभ्याच्या बाजूला चालायला लागलो. रतनवाडी वीसेक किलोमीटर. एका दिवसात उरकायचं नाही असं आधीच ठरलं होतं. रस्त्याला करवंदीच्या जाळ्या, हिरड्याची झाडं, उन्हानं वाळून पिवळी पडलेली भातखाचरं, आणि वळणावळणाला खाली तळं. पाणी काठापासून बरंच उतरलं होतं. मधली उघडी पडलेली माती भेगाळली होती आणि तिच्यावर गुरांच्या खुरांच्या वाटा उमटल्या होत्या.

तळं पहिल्यांदा नीट दिसलं तेव्हा ही थांबली आणि दोन्ही हात जोडले. मग म्हणाली, "हे एवढं सगळं आपल्याकडं येतं?" मी म्हणालो, "आपल्याकडंच असं नाही. सगळ्यांकडं." भरलेल्या भंडारदऱ्यात ११ टीएमसी पाणी असतं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, २,८३१ कोटी लिटर. हे आकडे आम्ही चहाच्या टपरीवर रोज बोलतो. तळ्यापुढं उभं राहिल्यावर मात्र ते तोंडातून निघेनात.

हिला पाठीवरच्या ओझ्याची गंमत वाटत होती. डोक्यावरचं ओझं म्हटलं की चुंबळ आली, मान ताठ आली, एक हात वर गेला. इथं दोन्ही हात रिकामे. "हात मोकळे ठेवून चालायचं म्हणजे करायचं काय त्यांचं?" ती विचारायची. तासाभरात तिनं वाटेवरची चार वाळकी काटकं उचललीच. ती काय जाळायची नव्हती, पण हाताला सवय.

दुपारी एका आंब्याखाली बसलो. कैऱ्या धरल्या होत्या. धपाटे काढले, पाणी प्यालो. उठताना मी सॅक पाठीवर घेतली तर ती चांगली हलकी झालेली. तीन बाटल्या संपल्या होत्या, धपाटेही निम्मे उरले होते. हिची सॅक मात्र होती तेवढीच. तंबू काही कमी होत नाही.

ही म्हणाली, "तुमचं ओझं आपण दोघं मिळून पितोय. माझं कोण पिणार?"

तिथंच सॅक उघडल्या आणि पुन्हा वाटे घातले. सकाळी सारखा असलेला वाटा दुपारी सारखा राहिलेला नव्हता, आणि त्यात कुणाची लबाडी नव्हती. एका वाट्यातली वस्तू सरणारी, दुसऱ्यातली न सरणारी. जमिनीच्या वाटण्यांचंही तसंच होतं. एका भावाच्या तुकड्यातली विहीर आटते, दुसऱ्याच्या कडेनं रस्ता जातो. वीस वर्षांनी कागद तोच असतो आणि वाटे तसे राहिलेले नसतात. मग जो वर आला तो कागद दाखवतो आणि जो खाली गेला तो नशिबाला बोल लावतो. एकदा केलेली बरोबर वाटणी कायमची बरोबर राहते, असं आपण का धरून चालतो?

संध्याकाळी तळ्याच्या अंगाला एका शेतकऱ्याच्या मोकळ्या खाचरात, त्याला विचारून आणि पैसे देऊन, तंबू ठोकला. लेकीनं मोबाइलवर पाठवलेलं चित्र बघत तो उभा करायला आम्हाला तासभर लागला. नंतर शेगडीवर खिचडी केली. हिनं माझ्या ताटलीत काढली, चटणी ठेवली, माझं होईस्तोवर पातेल्याशी बसून राहिली.

मी सहज म्हणालो, "बघ, आपला नियम इथंही आहे. वाटणी तुझ्या हातात, म्हणून तू शेवटी."

ती हसली. "नियम बरोबरच आहे हो. पण तुमच्या भावकीत वाटे घालणारा दर खेपेला निराळा असतो. आपल्या घरात एकतीस वर्षं मीच वाढतीय. त्याच्या आधी आत्याबाई वाढायच्या. रोज एकानंच वाटे घालायचे आणि रोज त्यानंच शेवटी घ्यायचं, याला न्याय नाही म्हणत. याला वळण म्हणतात."

तळ्यावर अंधार पडला होता. पलीकडच्या काठाला चार-दोन दिवे. मी बराच वेळ तिच्या त्या बोलण्याशीच होतो. माझी आई सगळ्यांचं झाल्यावर पातेलं पुसून घ्यायची. एखाद्या दिवशी भाकरी कमी पडली तर ती तिलाच कमी पडायची, आणि आम्ही म्हणायचो, आईला भूकच कमी. नियमात खोट नव्हती. शेवटी घेणारा प्रामाणिक वाटे घालतो हे शंभर टक्के खरं, आणि आईनं ते प्रामाणिकपणानंच घातले. पण ज्या नियमानं भावाभावांत न्याय होतो, तोच नियम एकाच माणसाच्या गळ्यात कायमचा बांधला की त्याचा उपास होतो. म्हणून दुसरा पोटनियम असा : वाटे घालणारा हात बदलता पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पातेल्याशी मी बसलो. माझ्या हातानं वाढलं की किती उरतं याकडे डोळे आपोआप लागतात, हे तेव्हा कळलं.

दुपारपर्यंत रतनवाडीला पोचलो. अमृतेश्वराचं देऊळ बघितलं. काळ्या दगडाचं, हेमाडपंती, खांबाखांबाला कोरीव काम. जवळच पुष्करणी. मुक्काम एका महादेव कोळी कुटुंबात केला. पाहुण्यांना जेवूखाऊ घालून त्या घराला चार पैसे मिळतात. आम्ही ओट्याला टेकलो न टेकलो तोच घरच्या मावशींनी पाय धुवायला बादलीभर पाणी आणून ठेवलं आणि प्यायला तांब्या.

बादली बघून हिनं विचारलं, "मावशी, पाणी कुठून आणता?"

मावशींनी हात नुसता खाली केला. "नळ हाये, पर उन्हाळ्यात त्याचा भरवसा न्हाई. मंग हिरीवर. हीर खाली. चढ हाये वाईच."

आमची ही उठली आणि बादलीतलं अर्धं पाणी परत रांजणात ओतून आली. उरलेल्या अर्ध्यात आम्ही दोघांनी पाय धुतले. मावशी म्हणत होत्या, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या, पावन्याला पानी मोजत्यात व्हय?" पाणी मोजत नाहीत हे खरं. पण ते कुणाच्या डोक्यावरून आलं हे पाहुण्याला दिसल्यावर त्यानं काय करावं? पिऊ नये, तर त्या घराचा अपमान. मजेत पाय धुवावेत, तर त्या चढाचा अपमान. आम्ही अर्धी बादली वापरली. याहून बरा मार्ग मला अजूनही सुचलेला नाही.

'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण आम्ही पुढाऱ्यांच्या भाषणांत ऐकत आलो. इथं ती समोर होती. पावसाळ्यात या डोंगरात पाऊस इतका पडतो की बाजूच्या घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. ते सगळं पाणी उतारानं तळ्यात जातं, तळ्यातून नदीनं आमच्याकडं. वस्ती वर, पाणी खाली. आम्हाला ते वाहून आणावं लागत नाही, उतारच आणून देतो. यांना मात्र चढावरून उचलावं लागतं.

मावशींचे सासरे ओट्यावर बसले होते. मी माझं गाव सांगितलं तसे म्हणाले, "म्हंजी पाटाखालचं. आमच्या आज्याची खाचरं त्या पाण्याखाली हायती." रागानं नाही, नातं सांगावं तसं म्हणाले. मग विचारलं, "ऊस किती टनाला पडतो एकरी?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "बरंय. पानी वाया नाही गेलं."

त्या रात्री झोप लागेना, म्हणून मनातल्या मनात गणित मांडलं. एका एकराला तीन इंच पाण्याचं एक भरणं दिलं तर साधारण तीन लाख लिटर पाणी लागतं. वजनानं तीनशे टन. पंधरा लिटरचा हंडा धरला तर वीस हजार हंडे. विहिरीवरून दिवसाला आठ हंडे आणणाऱ्या बाईला एवढं पाणी आणायला अडीच हजार दिवस लागतील, म्हणजे जवळजवळ सात वर्षं. आणि उसाला अशी भरणी वर्षात कितीतरी होतात.

आमच्या बोलीत 'पाणी भरणं' हा शब्द दोन कामांना वापरतात. गडी रात्री विजेरी घेऊन शेतात जातो, दारे धरतो, तेही पाणी भरणं. बाई हंडा घेऊन जाते तेही पाणी भरणं. शब्द एकच. एका कामात पाणी स्वतः चालतं आणि माणूस त्याला वाट दाखवतो. दुसऱ्यात माणूस चालतो आणि पाणी त्याच्या डोक्यावर बसतं.

सकाळी मावशी आणि त्यांची सून निघाल्या तेव्हा हिनंही कळशी घेतली. मीही मागं एक कॅन घेऊन गेलो. खाली उतरायला काही वाटलं नाही. भरलेला कॅन खांद्यावर घेऊन वर येताना तीन ठिकाणी टेकावं लागलं. सून माझ्या पुढं डोक्यावर दोन हंडे घेऊन न थांबता चढून गेली आणि वर पोचल्यावर तोंडाला पदर लावून हसली. मला बरं वाटत होतं. दमलेल्या माणसाला आपण काहीतरी चांगलं केलं असं वाटतं, तसं.

हिनं ते बरोबर ओळखलं. वाटेला लागल्यावर म्हणाली, "एका दिवसाचं ओझं म्हणजे जत्रेतला पाळणा. उतरता येतं. त्या पोरीला उद्या परत जायचंय."

मग गड चढलो. रतनगडाची वाट आधी रानातून जाते, मग लोखंडी शिड्या लागतात, मग दरवाजे. या वेळी सामान मावशींकडं ठेवलं होतं, फक्त पाणी आणि गूळ-शेंगदाणे बरोबर. शिडीवर ही माझ्या पुढं होती आणि वरून मला पायऱ्या मोजून सांगत होती. माथ्यावर कातळाला आरपार पडलेलं एक मोठं भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. सुईच्या भोकासारखं म्हणून नेढं. त्यात बसलो. वारा असा की बोललेलं ऐकू येत नव्हतं. एका अंगाला अलंग, मदन, कुलंग उभे, लांब कळसूबाई, आणि खाली सगळंच्या सगळं तळं.

प्रवरा याच गडाच्या कुशीत उगवते. तिला अमृतवाहिनी म्हणतात. खाली अमृतेश्वर आहे, आणि नदीच्या पार दुसऱ्या टोकाला, आमच्याही खाली, नेवाशाला मोहिनीराज. देवदानवांनी समुद्र घुसळून अमृत काढलं आणि विष्णूनं मोहिनी होऊन ते नेवाशाला वाटलं, असं आमच्याकडं मानतात. पंगत बसली, एका रांगेत देव, दुसऱ्या रांगेत दानव. मोहिनीनं देवांच्या रांगेपासून वाढायला सुरुवात केली आणि दानवांपर्यंत ते पोचलंच नाही. राहू वेश पालटून देवांच्या रांगेत बसला तर त्याचं मुंडकं उडालं. राहुरीचं नाव त्या राहूवरून पडलं, असंही सांगतात.

लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट मी नेढ्यात बसून हिला पुन्हा सांगितली. ती म्हणाली, "घुसळायला दोघं होते ना? दोर दोघांनी ओढला."

देवांचं काय चुकलं नि दानवांचं काय, तो कथेकऱ्यांचा विषय. मला एवढंच दिसत होतं की आमच्या नदीची जन्मकथाच वाटपाची आहे, आणि त्यात ओझं ओढणारे निराळे, वाढणारी निराळी, आणि रांगेचं शेवटचं टोक कोरडं. मी चारीच्या शेपटाला शेती करतो. वरच्या बाजूच्या लोकांनी पाणी अडवलं की रांगेच्या शेवटी बसणं काय असतं ते मला माहीत आहे. म्हणूनच आवर्तनात पाणी शेपटाकडून मुखाकडं द्यावं, आधी शेवटच्याला, असा नियम आम्ही भांडून भांडून मागत आलो. पण नेढ्यातून बघताना कोण शेपूट आणि कोण मुख हे ठरवणं अवघड जातं. मी शेपटाला, ते माझ्या चारीवर. प्रवरासंगमाला आमची नदी गोदावरीला मिळते आणि पुढं पैठणला जायकवाडी आहे. तिथल्या शेतकऱ्यासाठी मी मुखाला बसलेला आहे. आणि रतनवाडीची ती सून? ती तर या सगळ्यांच्या वर राहते. रांग जर उगमापासून धरली तर पहिलं पान तिचं. तरी तिच्यापर्यंत वाढणारा आलेला नाही.

भावकीतल्या नियमाला इथं अडचण येते. बोकडाचे वाटे आज मी घालीन, उद्या तू. नदीला तसं करता येत नाही. वरचा कायम वर, खालचा कायम खाली. उतार काही पाळीपाळीनं बदलत नाही. जिथं वाटे घालणारा हात बदलता येत नाही, तिथं आधीच ठरवलेला नियम लागतो, पाऊस पडायच्या आधी ठरवलेला, म्हणजे या साली आपण तुटीत असू की भरतीत हे कुणालाच ठाऊक नसताना. महाराष्ट्रात २००५ साली जलसंपत्ती नियमनाचा कायदा झाला. त्यात खोऱ्यातल्या वरच्या आणि खालच्या धरणांनी तूट वाटून घ्यावी असं धरलेलं आहे. पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या मध्याला साठे बघायचे आणि हिशेब करायचा. कायदा चांगला की वाईट यावर आमच्याकडं आणि मराठवाड्यात दोन टोकांची भाषणं होतात. मला त्यातली मूळ कल्पना आमच्या बोकडाच्या वाट्याजवळची वाटते.

त्याच साली पाऊस हात राखून पडला. आम्ही तळं बघून आल्याला सहा-सात महिने झाले होते. जायकवाडीला वरून पाणी सोडायचा विषय निघाला आणि गावोगाव बैठका सुरू झाल्या. आमच्या देवळातही बसली. 'आमच्या हक्काचं पाणी' हा शब्द तासाभरात पन्नास वेळा तरी आला असेल. हक्काचं आहेच. पाणीपट्टी भरतो, सात नंबरचा अर्ज करतो, तीन पिढ्या त्यावर जगलो. मी उठून म्हणालो, की हक्क आहे, पण या पाण्यावर आपल्या आधी ज्यांचा हक्क लागतो ते डोंगरात हंडे वाहतायत, आणि आपल्या खाली बसलेले लोक आपण शेपटाला बसून जे बोलतो तेच बोलतायत. तूट वाटून घ्यावी. वाटे आपण घालत असू तर आपण शेवटी घ्यावं.

मागून एकानं विचारलं, "तुमच्या विहिरीला पाणी आहे ना?"

आहे. माझ्या विहिरीला मेपर्यंत पाणी टिकतं. त्याच्या विहिरीला फेब्रुवारीतच खडक लागतो. त्यानं विचारलं ते चुकीचं नव्हतं. न्यायाची भाषा करणाऱ्याची विहीर कुठं आहे हे लोक आधी बघतात, आणि त्यांनी ते बघावंच. डोळ्यांनी वाटा निवडू नका, उचलून बघा, हे मी ओट्यावर शिकलो होतो. तो मला तेच सांगत होता. त्याच्या वाट्याची तूट मी उचललेली नव्हती.

घरी आल्यावर आम्ही दोघांनी बोलून ठरवलं. एका एकरातला खोडवा त्या साली ठेवला नाही, तिथं हरभरा केला. आमच्या पाळीचं जे पाणी त्यातून वाचलं ते चारीवर खडक लागलेल्याच्या गव्हाला गेलं. उत्पन्नात खोट आली, ती किती याचा हिशेब हिच्या वहीत आहे. माझ्या एका एकराचं पाणी पैठणला पोचत नाही हे मला कळतं. रतनवाडीच्या चढावर तर ते कधीच चढणार नाही. तिथं लागते ती भरवशाची वीज, पंप आणि टाकी, आणि ते मागताना खालच्या गावांनीही वरच्या गावांबरोबर आवाज लावायला पाहिजे. आतापर्यंत फक्त त्यांचाच लागत आलाय.

पण पुढच्या बैठकीत मी उठलो तेव्हा विहिरीचा विषय कुणी काढला नाही. माझं म्हणणं पटलं असं नाही, अजून निम्म्यांना पटलेलं नाही. फक्त त्यांनी ते ऐकून घेतलं. आता दोन वर्षं होत आली. एक दिवसाआड मी वाढतो, ही वाढते, आणि जो वाढतो तो शेवटी जेवतो. माझ्या पाळीला भाकरी कमी पडली तर ती मला कमी पडते.